तीन तासांची नोटीस पुरे, साहेब

प्रति,
मा. मुख्य अग्निशमन अधिकारी,
मुंबई अग्निशमन दल, भायखळा.

विषय : आमच्या इमारतीची तपासणी करून आमच्यावर नोटीस बजावण्याबाबत.

महोदय,

विषय वाचून टेबलावरच्या कारकुनाला वाटेल, शेजारच्या इमारतीबद्दल कुणीतरी जळजळ काढतंय. तसं नाही. मी लालबागच्या एका २२ मजली इमारतीत राहतो. चाळ पाडून उभी राहिलेली इमारत आहे. सहा वर्षं तिचा सेक्रेटरी होतो. तक्रार आमच्याच इमारतीची आहे आणि तिच्यातला मुख्य आरोपी मीच आहे.

आमच्याकडे कागद सगळे व्यवस्थित आहेत, आधी ते सांगतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू ठेवणं ही मालकाची आणि राहणाऱ्याची जबाबदारी. ती चालू असल्याचा दाखला परवानाधारक एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, तुमच्याकडे द्यायचा. बोलीभाषेत ‘फॉर्म बी’. माझ्या काळात एकही फॉर्म बी चुकला नाही. एजन्सीचा माणूस यायचा, चहा प्यायचा, लाल सिलिंडरवरचं स्टिकर बदलायचा, दोन फोटो काढायचा. मी चेक द्यायचो. मी ३१ वर्षं बँकेत काढली. समोरच्याची सही जुळल्याशिवाय एक रुपया सोडला नाही. पण पंप चालू आहे की नाही हे स्वतः न बघता त्या फाइलवर मी माझी सही बारा वेळा केली.

मग एका वैशाखातल्या दुपारी, पावणेतीनच्या सुमाराला, नवव्या मजल्यावर एसीची वायर पेटली.

पहिली दहा मिनिटं सविस्तर सांगतो, कारण एरवी तुमच्या अहवालात ती येत नाहीत. तुमची माणसं पोहोचायच्या आधीची असतात ती. आमची पोरं धीट. तिघंचौघं धावत वर गेली आणि नवव्या मजल्यावरची हायड्रंटची, म्हणजे आगीसाठीच्या पाण्याच्या नळाची, लाल पेटी उघडली. आत निघालं काय, तर एक खराटा, लहान मुलाच्या सायकलची चाकं आणि मागच्या गणपतीची थर्माकोलची मखर. त्याच्या मागे होज, म्हणजे पाणी मारायची लांब नळी, होता. होजच्या तोंडाला लावायची पितळी ब्रँच नव्हती. पितळेला भंगारात काय भाव मिळतो हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, त्यामुळे ती कधी गेली असेल याचा शोध लावण्यात अर्थ नव्हता. पोरांनी तसाच होज जोडला, व्हॉल्व्हचं चाक फिरवलं. आधी हवा सुटली, मग गंजाचं लाल पाणी दोन ओंजळी आलं, मग काही नाही. होज इस्त्री केलेल्या पट्ट्यासारखा सपाट जमिनीवर पडून राहिला.

पोरांना वाटलं, याच मजल्यावर बिघाड असेल. ती आठव्यावर उतरली, तिथला व्हॉल्व्ह उघडला, मग सातव्यावरचा. कुठेच पाणी नाही. दोन्ही तसेच उघडे टाकून ती खाली पळाली.

पाणी का नव्हतं? पंप-रूममध्ये पॅनलवरचा खटका ‘ऑटो’वर असायला हवा. म्हणजे कुठल्याही मजल्यावर व्हॉल्व्ह उघडला, पाइपातला दाब उतरला की पंप आपोआप सुरू होतो. आमचा खटका ‘मॅन्युअल’वर होता. आणि पंप-रूमची किल्ली पंपवाल्याकडे होती. आणि पंपवाला जेवायला गेला होता.

आता तो खटका तिथे कुणी नेला? मी. पाइपाला कुठेतरी गळती होती. गळतीमुळे दाब उतरायचा, आणि तो भरून काढायला छोटा जॉकी पंप दर पाच-सात मिनिटांनी घर्रर्र करायचा. रात्री पहिल्या मजल्यावरच्या एका काकांना झोप लागेना. त्यांनी तीन पत्रं दिली, चौथ्याला म्हणाले की पोलिसांत जातो. गळती शोधायची तर प्लंबर भिंती फोडायला सांगत होता, दीड लाखाचा अंदाज होता, आणि त्या वर्षी लिफ्टचा खर्च झालेला. मी पंपवाल्याला म्हटलं, ‘तूर्तास मॅन्युअलवर ठेव.’ तो तूर्तास चौदा महिने चालला. त्या चौदा महिन्यांत दोन फॉर्म बी गेले, दोन्हींत यंत्रणा सुस्थितीत.

तुमचा बंब वर्दी मिळाल्यापासून आठ-नऊ मिनिटांत गेटवर होता. गेटच्या आत यायला त्याला जवळपास तेवढीच मिनिटं लागली. उंच इमारतीभोवती बंब फिरावा, शिडी लावता यावी म्हणून सहा मीटर मोकळी जागा सोडायला लावतात. ती नकाशात आहे. प्रत्यक्षात तिथे पांढऱ्या पट्ट्या मारून आम्ही एकोणीस गाड्यांना पार्किंग दिलंय, त्याचे महिन्याचे पैसे घेतो, पावती देतो. त्या दिवशी दोन गाड्यांचे मालक ऑफिसात, एकाचा फोन बंद. तुमच्या जवानांनी आणि आमच्या पोरांनी मिळून एक छोटी गाडी अक्षरशः उचलून बाजूला ठेवली.

बंबातून इमारतीच्या पाइपात थेट पाणी चढवायची सोय तळमजल्यावर असते, फायर इनलेट. जवान ते शोधत होते. आमच्याकडे ते होतं, पण त्याच्यापुढे कमिटीने हौसेने तुळशी, मोगरा आणि मनी प्लँटच्या कुंड्या मांडल्या होत्या, आणि रंगाऱ्याने झाकणासकट सगळं ऑइलपेंटने रंगवून टाकलेलं. जवानाने कुंड्या लाथेने उडवल्या, झाकण ठोकून सैल केलं, होज जोडला. पाणी चढलं. आणि ते सगळं सातव्या-आठव्या मजल्यावरच्या उघड्या व्हॉल्व्हमधून जिन्यात धो धो कोसळायला लागलं. वर आग, खाली धबधबा, आणि मधे जिन्यातून उतरणारी म्हातारी माणसं. एका जवानाने आमच्या एका आजींना पाठुंगळी घेतलं तेव्हा त्याच्या बुटांखालून पाणी वाहत होतं.

एक फ्लॅट जळाला. माणूस गेला नाही. यात आमची कर्तबगारी शून्य.

आता मूळ मुद्दा. या अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे तुम्ही किंवा तुम्ही नेमलेला अधिकारी तीन तासांची नोटीस देऊन, सूर्योदय ते सूर्यास्ताच्या दरम्यान, कुठल्याही इमारतीत तपासणीला येऊ शकतो. जिवाला किंवा मालमत्तेला धोका दिसला तर केव्हाही. त्रुटी सापडल्या तर दुरुस्तीची नोटीस, आणि धोका अगदी डोक्यावर असेल तर जागा रिकामी करून सील करण्यापर्यंत हात पोहोचतो. वीज-पाणी तोडता येतं. हे सगळं मी आग लागून गेल्यावर वाचलं. वाचताना पहिल्यांदा वाटलं, एवढा अधिकार? मग तीन तासांवर थांबलो. तीन तासांत मी काय लपवू शकलो असतो?

मखर आणि खराटा हलवला असता. कुंड्या सरकवल्या असत्या. जिन्याची आपोआप मिटणारी दारं आम्ही विटा लावून उघडी ठेवतो, त्या विटा काढल्या असत्या. गच्चीचं कुलूप काढलं असतं. खटका ‘ऑटो’वर टाकला असता. पण गळका पाइप तीन तासांत दुरुस्त होत नाही. चोरीला गेलेली ब्रँच तीन तासांत मिळत नाही. (आमच्या लालबागमध्ये मिळेलही म्हणा, बहुधा आमचीच.) रिफ्यूज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी माणसांनी थांबायच्या मोकळ्या जागेत, सभासदांनी टाकलेली दोन कपाटं, कॅरम आणि एका लग्नाच्या उरलेल्या पन्नास खुर्च्या तीन तासांत जात नाहीत. तुमच्या माणसाने फक्त एवढंच म्हणायचं होतं, ‘सेक्रेटरीसाहेब, सर्वांत वरच्या मजल्यावर होज जोडा आणि व्हॉल्व्ह उघडा.’ पाच मिनिटांचं काम. कागद बघायची गरजच नाही.

म्हणून विनंती. आमच्याकडे या. शहरात इमारती किती आणि तुमच्याकडे माणसं किती हे मला कळतं. सगळीकडे जाता येणार नाही. कुठेतरी सुरुवात करायचीच आहे तर स्वतःहून पत्ता देणाऱ्यापासून करा. पत्त्याचं वेगळं पत्र या पत्राबरोबर आपल्या कार्यालयात देत आहे.

आलात तर तपासणी सेक्रेटरीच्या घरात, सोफ्यावर बसून नको. रविवारी सकाळी, सभासदांना खाली बोलावून करा. मी हे का म्हणतोय ते सांगतो. आगीनंतरच्या सभेत मी ‘फायर ब्रिगेडला बोलावून तपासणी करून घेऊ’ असं म्हटलं, तर मागच्या रांगेतून पहिला प्रश्न आला, ‘किती द्यावे लागतील?’ कुणी काही मागितलेलं नव्हतं. तपासणी या शब्दाला आमच्या कानात एवढा एकच अर्थ उरलाय. पन्नास माणसांसमोर बाविसाव्या मजल्यावरून पाणी पडलं की नाही, हे दिसलं की तो प्रश्न विचारायला कुणाचं तोंड उघडणार नाही.

आणि नोटीस दिलीत तर ती गेटवर चिकटवा. हात जोडून सांगतो, सेक्रेटरीच्या हातात देऊ नका. सेक्रेटरीचा ड्रॉवर फार खोल असतो. माझ्या जागी आलेल्या नव्या मुलाच्या ड्रॉवरमध्ये मी काय काय ठेवून आलोय हे तोही अजून सगळं बघू शकलेला नाही. नोटीस गेटवर लागली की घर घ्यायला आलेला माणूस वाचेल, भाडेकरू वाचेल, मुलीचं स्थळ बघायला आलेले पाहुणेही वाचतील. या शेवटच्या वर्गासाठी आमचे सभासद दीड लाख एका रात्रीत जमवतील, हे मी लिहून देतो.

फॉर्म बीबद्दलही एक सुचवायचंय. त्या कागदाबरोबर सर्वांत वरच्या मजल्यावरच्या हायड्रंटवर मिळालेला दाब, तारीख-वेळेसह, आणि तो मोजताना हजर असलेल्या दोन सभासदांच्या सह्या मागवा. एजन्सीच्या एका सहीवर आणि सेक्रेटरीच्या एका सहीवर २२ मजले तोलून धरलेत. सेक्रेटरी म्हणजे कोण? नोकरी सांभाळून, शिव्या खाऊन, फुकट काम करणारा माणूस. त्याला पहिल्या मजल्यावरच्या काकांची झोप रोज दिसते. आग कधी दिसत नाही.

दुसरा विषय थोडक्यात आटपणार होतो, पण तो आटपणारा नाही. आग लागल्यावर आम्ही खाली उभे राहून काय करतो, त्याबद्दल.

मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चा आहे. आगीच्या जागी हुकूम अग्निशमन अधिकाऱ्याचा, हे तेव्हापासून ठरलेलं आहे. कामात अडथळा आणणाऱ्याला त्याने बाजूला काढावं, रस्ता बंद करावा, होज न्यायला गरज पडली तर दार-भिंत फोडावी, कुणाच्याही जागेतून जावं, दाब वाढवायला आसपासचं पाणी बंद करावं. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. आमच्या गेटवर त्या दिवशी हुकूम कुणाचा होता सांगू? निदान सात जणांचा. एक वॉर्डातला कार्यकर्ता, एक निवृत्त हवालदार, एक तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनियर, ज्याला शिडी कुठल्या बाजूला लावावी हे जवानांपेक्षा जास्त कळत होतं. ‘अरे इकडून मारा पाणी, इकडून!’ असं तो ओरडत होता. एक बाई पासपोर्ट आणायला परत वर जायचा हट्ट धरून बसली होती, तिला दोन जवानांनी धरून ठेवलं. म्हणजे दोन जवान कमी. आणि बाकीच्यांचे हात वर होते, हातात मोबाइल. होजवर पाय ठेवून उभं राहून शूटिंग करणारा मुलगा मी पाहिलाय, माझ्या भाच्याचा मित्रच तो.

नंतरच्या सभेत विषयपत्रिकेवर काय आलं? आठव्या मजल्यावरची ग्रिल कापली, नवव्यावरचं शेजारचं दार तोडलं, त्याची भरपाई कोण देणार. आजींना खाली आणणाऱ्या जवानाचं नाव विचारायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही.

अशा वेळी मला काळबादेवी आठवते. ९ मे २०१५, गोकुळ निवास. आगीत इमारत कोसळली आणि तुमच्या दलाचे चार अधिकारी गेले. संजय राणे आणि महेंद्र देसाई तिथेच, सुधीर अमीन आणि तुमच्या आजच्या खुर्चीवर तेव्हा बसलेले सुनील नेसरीकर पुढच्या काही दिवसांत, हॉस्पिटलात. दलाचा प्रमुख स्वतः आगीपाशी उभा असतो, हे त्या दिवसापर्यंत मला माहीतच नव्हतं. माझी समजूत, साहेब लोक वायरलेसवर असतात. आमच्या आजीच्या तोंडी मात्र १४ एप्रिल १९४४ होता. गोदीत फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं तेव्हा चाळीची तावदानं खळाखळा फुटली आणि ती माझ्या वडिलांना कडेवर घेऊन रस्त्यावर आली. त्या स्फोटांत दलाचे ६६ जण गेले. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्यामुळेच पाळतात हे आजीला ठाऊक नसेल, पण बंबाची घंटा ऐकली की ती जागेवरून उठून हात जोडायची. आम्ही मोबाइल काढतो.

गंमत बघा, हीच माणसं गणपतीत काय करतात. लालबागच्या रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नसते, पण मागून ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू आला की मंडळाची पोरं साखळी करतात आणि त्या समुद्रात वाट पडते. माझ्या डोळ्यांदेखत पडलेली आहे, अनेकदा. मग साध्या मंगळवारी दुपारी त्याच रस्त्यावर बंबापुढे दुहेरी पार्किंग का हलत नाही? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९४ई आलं. बंबाला, ॲम्ब्युलन्सला वाट दिली नाही तर १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. कायदा कमी नाही. फरक एवढाच की गणपतीत कुणीतरी टी-शर्ट घातलेला पोरगा ‘सरका!’ म्हणणारा असतो आणि त्याचं ऐकायचं असतं हे सगळ्यांना ठाऊक असतं.

मग तसा पोरगा आम्हाला इमारतीत द्या. म्हणजे आम्हीच देऊ, तुम्ही शिकवा. प्रत्येक इमारतीतून चार जण: एकाने गेट आणि गाड्यांच्या किल्ल्या बघायच्या, एकाने पंप-रूम, एकाने जिन्यातून माणसं उतरवायची, एकाने तुमच्या अधिकाऱ्याजवळ उभं राहून त्याला हवी ती माहिती द्यायची आणि बाकी सातही सेनापतींना गप्प करायचं. मंडळांची पोरं याला उत्तम. त्यांना माणसं हलवायचा सराव आहे. परळच्या क्रिस्टल टॉवरला ऑगस्ट २०१८ मध्ये आग लागली तेव्हा दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकलेलं आठवून शेजाऱ्यांना ओले कपडे नाकाला लावायला लावले. एक तास शिकवलेलं होतं तिला कुणीतरी. आमच्या इमारतीत साठीच्या माणसालाही धुरात खाली वाकून चालायचं ठाऊक नाही, आणि आग लागल्यावर पहिलं बटण तो लिफ्टचं दाबतो.

धुराचं निघालं म्हणून सांगतो. गोरेगावच्या जय भवानी इमारतीत ऑक्टोबर २०२३ मध्ये आग खाली पार्किंगमध्ये लागली होती, गाड्या आणि कापडाचे ढीग पेटले होते. ज्वाळा खाली राहिल्या, धूर वर गेला, माणसं गेली. ती बातमी वाचून त्या संध्याकाळी मी आमच्या जिन्याच्या दारांच्या विटा काढायला गेलो. बावीस मजल्यांवर मिळून सतरा विटा निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या अकरा परत जागेवर होत्या. दूधवाल्याला, कचरा नेणाऱ्या बाईला दार धरून ठेवावं लागतं, हात भरलेले असतात. त्यांचंही चूक नाही. पण ते दार धूर जिन्याबाहेर ठेवतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, आणि मी सांगायला गेलो तर ‘काका पुन्हा सुरू झाले’ असं होतं. तुमचा गणवेशातला माणूस बोलला तर होणार नाही.

आगीनंतरची आजची स्थितीही कळवतो, नाहीतर म्हणाल जुनं उगाळतोय. खटका ‘ऑटो’वर आहे. गळती निम्मी काढलीय, जॉकी पंप आता अर्ध्या तासाने घर्रर्र करतो आणि काकांना मी कानातले बोळे आणून दिलेत. ब्रँच नवीन आणल्यात, बावीसपैकी तीन पुन्हा गेल्यात. मखर गेली. खुर्च्या आहेत. गाड्या एकोणीसच्या वीस झाल्यात. मे महिन्यात पाणीकपात झाली तेव्हा आगीसाठी राखलेल्या टाकीतलं पाणी पिण्याच्या टाकीत सोडायचा ठराव कमिटीत आला होता; तो एका मताने पडला. ते एक मत माझं नव्हतं, मी आता कमिटीत नाही. कुणाचं होतं ते शोधून त्याला चहा पाजलाय.

तर तीन तासांची नोटीस द्या आणि या. सोमवार सोडून कुठलाही दिवस चालेल, सोमवारी पंपवाल्याची सुट्टी असते.

नाही, सोमवारीच या. त्या दिवशी पंप-रूमची किल्ली कुठे असते हे मलाही अजून कळलेलं नाही.

आपला नम्र,
लालबागच्या एका इमारतीचा माजी सेक्रेटरी